चिंधीवर न काढलेलं नाव

गणवेश शिवणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत नावं घालायचं मशीन आहे आणि मशीनवर टाकेबाई आहे. टाकेबाई हे तिचं खरं नाव नव्हे, ते दुकानाच्या मालकानं पाडलेलं. दिवसभर लोकांच्या खिशांवर आणि कॉलरखाली नावं घालणाऱ्या बाईला स्वतःच्या नावानं कोणी हाक मारत नाही, यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. "टाकेबाईऽ, दवाखान्याचे बारा कोट झाले काऽ?" मालक पडद्याआडून विचारतो. पडदा हलतो, मालक दिसत नाही. "झालेऽ!" टाकेबाई ओरडते. झालेले असतात सात.

हे काम तिला आत्यानं शिकवलं. टाकेबाई चालायला लागायच्या आत तिची आई गेली, बापानं दुसरा संसार मांडला आणि पोर आत्याच्या पदरात पडली. आत्या बिनलग्नाची. थोरल्या भावाकडे राहायची, घर ओढायची आणि उरल्यासुरल्या वेळात खिडकीशी पायाचं मशीन घेऊन बसायची. पाय खालच्या पट्टीवर, डोळे कापडावर, कान आतल्या हाकेकडे. त्या घरात सकाळपासून एकच नाव ऐकू यायचं, आत्याचं. पुढच्या खोलीतून, मागच्या दारातून, न्हाणीघरातून. जाडजूड, जुनं नाव. आत्याच्याही लहानपणी ते जुनंच होतं, कारण ते तिच्या आजीचं. लहानगी टाकेबाई मशीनखाली चिंध्या गोळा करत ऐकायची आणि तिला वाटायचं, या घरात सगळ्यात महत्त्वाचं माणूस म्हणजे आपली आत्या. जो तो तिलाच शोधतो!

आत्याचा नियम एकच होता. नाव कापडावर घालायच्या आधी चिंधीवर काढायचं. ज्याचं नाव त्याला ती चिंधी दाखवायची. त्यानं मान हलवली की मगच खऱ्या कापडाला सुई लावायची. "उसवता येतं गं," आत्या म्हणायची, "पण भोकं राहतात."

पुढे टाकेबाईला मुलगी झाली, तेव्हा नाव शोधावं लागलंच नाही. ते लहानपणापासून कानात होतं. शोधावी लागली ती फक्त ते ऐकून घेणारी माणसं.

सगळ्यात आधी नणंद आली. ही नणंद एका ऑफिसात फोनवर बसते, त्यामुळे घरीही फोनवर असल्यासारखीच बोलते. "वहिनी, एक मिनिट हं, मला नीट समजून घेऊ दे. तुम्ही सीरियस आहात? म्हणजे हे फायनल? अहो, शाळेत हजेरी घेतील तेव्हा बाकीच्या मुली दाराकडे बघतील, कोणाची आजी न्यायला आली म्हणून!"

मग सासूबाई. सासूबाईंचं प्रत्येक भाषण एकाच वाक्यानं सुरू होतं. "मी काही बोलणार नाही हं." त्या दिवशी त्या दुपारच्या चहापासून दिवे लागेपर्यंत काही बोलल्या नाहीत. "तुमचं मूल, तुमची हौस. आम्ही कोण? पण मी म्हणते, एवढ्याशा जिवावर केवढं ते ओझं! मला तर नुसतं ऐकलं तरी गुडघे दुखायला लागतात. आणि ठेवायचंच होतं जुनं, तर आमच्याकडे काय जुनी माणसं नव्हती? पण जाऊ दे. मी काही बोलणार नाही."

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आई वरच्या मजल्यावर, बायको खालच्या, आणि हा मधेच अडकलेला. आत दिवा चालू, दार उघडत नाही. "असं करू या का," तो म्हणाला, "कागदावर एक ठेवू, घरात एक. म्हणजे कोणाचंच…"

"कोणाचंच काय?"

"नाही, काही नाही."

बाळ दाखवायला दुकानात गेली, तिथंही निभाव लागला नाही. पडदा हलला. "टाकेबाई, असलं नाव आपण शेवटचं कशावर घातलं, आठवतंय? वृद्धाश्रमाच्या चादरींवर!" आणि मालक स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की त्याला ठसका लागला. तिनं पाणी दिलं नाही.

टाकेबाईचं म्हणणं साधं होतं आणि ते ती प्रत्येकाला मोजून ऐकवायची. "या वर्षी एकाच वर्गाच्या पस्तीस स्वेटरांपैकी सहांवर मी एकच नाव घातलंय. बाईंनी हाक मारली की सहाजणी उभ्या राहतात आणि सहाहीजणी खाली बसतात. माझी एकटीच उभी राहील." हे वाक्य तिला इतकं आवडायचं, की विरोधाला कोणी आलं नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायचं.

एकोणिसाव्या दिवशी, पोटावरचे टाके ओले असताना, बाळ खांद्यावर टाकून ती स्वतः नोंदणीच्या कचेरीत गेली. नवऱ्यावर तिचा भरवसा नव्हता. तो वाटेत कुठल्याही मजल्यावर थांबला असता. कारकुनानं फॉर्मवरचं नाव वाचलं आणि मान वर न करता सांगितलं, "मयताची नोंद पलीकडच्या खिडकीत."

"मयत नाही, जन्म."

"हे नाव कोणाचं मग?"

"हिचं. ही काय, रडतेय."

कारकुनानं एकदा रडणाऱ्या नावाकडे पाहिलं आणि शिक्का उचलला. "बदलायचं असेल तर वर्षाच्या आत या," तो म्हणाला. "येतात बरेच."

"मी नाही येणार," टाकेबाई म्हणाली आणि विजयी मुद्रेनं घरी आली. त्याच दुपारी तिनं बाळाचं पांढरं दुपटं भरतकामाच्या गोल रिंगीत ताणलं आणि निळ्या दोऱ्यानं कोपऱ्यात नाव घातलं. थेट. चिंधीवर काढलं नाही. हात बसलेला होता आणि दाखवायचं तरी कोणाला? आत्याला तर चकित करायचं होतं.

थोरल्या भावाचं घर विकल्यापासून आत्या दोन जिने वर, एका खोलीत एकटीच राहायची. खाट, मशीन आणि खिडकी. पाय सुजल्यामुळे मशीनवर कपडे वाळत घातलेले. तिनं बाळाला मांडीवर घेतलं, नाकाला नाक लावलं, खुदकन हसली. मग दुपट्याचा कोपरा हाताशी आला. आत्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं. कापड उलटं करून मागची बाजू पाहिली.

"टाका घट्ट आलाय," ती म्हणाली. मग पदरानं डोळे टिपले.

"वाचलंस ना? सगळ्यांशी भांडले, आत्या. सासूबाईंशी, वन्संशी, त्या कारकुनाशीसुद्धा. एकालाही बधले नाही."

"आणि मला विचारायचं राहिलंच की."

टाकेबाईला वाटलं आत्या चेष्टा करतेय. ती हसली. आत्या हसली नाही.

"बाळा, या नावानं मला कोणी नुसतीच हाक मारली नाही गं कधी. नावाच्या मागे कायम काहीतरी यायचं. पाणी तापव. दार बघ. पोराला धर. माझी आजीही तसलीच, तिचं नाव मला दिलं ते तिची कामं माझ्याकडे यावीत म्हणून. साठ वर्षं झाली, कोणी नाव घेतलं की मी उठून उभी राहते. आताही शेजारच्या खोलीत कोणी कोणाला हाक मारली तरी पाय खाली टाकते मी." तिनं दुपट्याचा कोपरा आत दुमडला, नाव दिसणार नाही असा. "तू आत्या म्हणायचीस, तेवढंच बरं होतं. चिंधीवर काढून दाखवलं असतंस तर नको म्हटलं असतं मी. नाव ज्याचं त्याला आधी दाखवायचं, एवढंच तर शिकवलं होतं तुला."

"पण मी… तुझ्यासाठी…"

"माहीत आहे. अजून वर्ष आहे ना? बदल."

जिने उतरताना टाकेबाईनं खरंच ठरवलं होतं, उद्या कचेरीत जायचं. कारकुनानं दात काढले तरी चालेल. पण घराच्या दारातच नणंद आणि सासूबाई शेजारी शेजारी बसलेल्या, निकालाची वाट बघत. "काय मग? आवडलं का आत्याबाईंना?" नणंदेनं विचारलं. सासूबाईंनी नुसता श्वास आत घेतला. आता त्या काही बोलणार नव्हत्या.

"खूप आवडलं," टाकेबाई म्हणाली. "डोळ्यांत पाणी आलं तिच्या."

यातलं निम्मं खरं होतं. वर्ष असंच सरलं. रोज उद्या जायचं होतं आणि रोज त्या दोघी दारात होत्या. आत्यानं परत विषय काढला नाही. पोरीला ती शेवटपर्यंत "बाळा" म्हणाली आणि एका सकाळी खाटेवरून पाय खाली टाकलेल्या अवस्थेतच गेली. शेजारच्या खोलीत कोणी कोणाला हाक मारली होती का, हे टाकेबाईनं विचारलं नाही.

पोरीला घरात सगळे "किट्टू" म्हणतात. नाव नणंदेनं काढलं, सासूबाईंनी उचललं, नवऱ्याला तर सुटल्यासारखं झालं. खऱ्या नावानं हाक मारते ती एकटी टाकेबाई. हट्टानं, पूर्ण नावानं, इकडच्या खोलीतून तिकडच्या खोलीत.

किट्टू आता सात वर्षांची आहे. परवा रविवारी टाकेबाई उरलेले स्वेटर घरी घेऊन बसली होती. पाय मशीनवर, डोळे कापडावर. तिनं हाक मारली, कात्री मागितली. पुन्हा मारली, दोऱ्याचं रीळ मागितलं. मग फोन, मग चष्मा. चष्मा घालताना तिचा हात थांबला. सकाळपासूनच्या सगळ्या हाका तिनं मनात उलट मोजत नेल्या. एकही रिकामी निघाली नाही.

तिनं मशीन बंद केलं. काम काहीही नसताना, अगदी हळू, नुसतं नाव घेतलं आणि गप्प बसली.

आतल्या खोलीत खेळणाऱ्या पोरीचं हसणं थांबलं. भरभर पावलं आली आणि किट्टू दारात येऊन सरळ उभी राहिली.

"काय आणू?"

टाकेबाईनं तोंड उघडलं. काही नाही गं, नुसतीच हाक मारली, एवढंच म्हणायचं होतं. पोर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत वाट बघत होती.

"पांढरा दोरा," टाकेबाई म्हणाली.