चौघांची बोट

लढाई थांबून वर्ष झालं होतं. दारूगोळ्याच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद पडला, तसे हेमचंद्र रविवारी घरी दिसू लागले. त्याच सुमारास त्यांच्या ओळखीच्या ठेकेदारानं लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात ॲल्युमिनियमच्या दोन छोट्या मोटारबोटी घेतल्या. त्यांतली एक हेमचंद्रांनी स्वतःसाठी निवडायची होती.

घरात माणसं पाच. हेमचंद्र, कुंदा, दोन मुली आणि थोरले भाऊ गेल्यापासून यांच्याकडेच राहिलेल्या सुहासिनीवहिनी.

एक बोट रुंद, बसकी, पोचे पडलेली. दुसरी अरुंद, टोकदार, लख्ख.

हेमचंद्र कारखान्यात इन्स्पेक्टर. तपासल्याशिवाय ते भेंडीसुद्धा घेत नसत. नर्मदेच्या ग्वारीघाटावर त्यांनी माणसागणिक एकेक पोतं वाळूनं भरायला घेतलं आणि त्यावर खडूनं नाव घातलं.

"कुंदा, तुझं वजन किती?"

"बावन्न. वहिनींना नाही विचारत?"

"त्यांचं ठाऊक आहे. चव्वेचाळीस."

वहिनींना तापात दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा काट्यावर पाहिलेलं. कुंदा त्याच दवाखान्यात दोनदा बाळंत झाली होती.

रुंद बोटीत पाचही पोती ऐसपैस बसली. अरुंद बोटीत पाचवं ठेवताच पाणी काठाला आलं. हेमचंद्रांनी ते उचलून वाळूवर ठेवलं. वहिनींचं होतं. कुंदा त्या पोत्याकडे बघतच राहिली. पडदे कुठले, मुलींची शाळा कुठली, लोणच्यात मोहरी किती, सगळ्याला हेमचंद्र म्हणत, "वहिनींना विचारू." आज पहिल्यांदा वहिनींना जागा नव्हती.

"हीच घ्यायची," ती म्हणाली.

"काहून? रुंद बोटीत सगळे मावून राहिले ना!"

"ती म्हशीसारखी दिसते. लोक हसतील."

"घ्या हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तिची हौस आहे. मी बसेन काठावर."

हेमचंद्रांनी लख्ख बोटीवर खडूनं 'पास'ची खूण केली.

पुढच्या रविवारी कुंदानं नर्मदेची ओटी भरली आणि मुलींना घेऊन बोटीत बसली. मोटार सुरू झाली. वहिनी काठावर लहान लहान होत गेल्या. कुंदाला कितीतरी वर्षांनी मोकळं वाटलं.

पंधरा मिनिटांत बोट काठाला लागली.

"उतरा. आता वहिनींची फेरी."

"एकट्यांचीच?"

"मग? तूच निवडली ना चौघांची बोट? तू येतेस का परत?"

पण मुली तोवर डब्यावर तुटून पडल्या होत्या, त्यांना पाण्याकाठी सोडणार कशी? बोट वळणाआड गेली. मोटारीचा आवाज बारीक झाला आणि एकदम थांबला. कुंदा उभी राहिली. हातातली पुरी हातातच. बऱ्याच वेळानं आवाज पुन्हा आला.

वहिनींचा पदर भिजला होता, केस विस्कटले होते. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना कुंदानं पाहिलं नव्हतं.

"पाण्याचा आवाज ऐकवायला भाऊजींनी मोटारच बंद केली. कुंदा, तुझी पसंती छान हो!"

कुंदानं डब्याचं झाकण दाबून लावलं. घरी परतताना तिनं हळूच विचारलं,

"अहो, ती रुंद बोट अजून असेल का हो?"

"नाही. कारखान्यातल्या विष्णुपंतांनी नेली. त्यांच्या घरी सात जण, सगळे एकदमच जातात म्हणे."