विनंती थांबा

सरकारी पाटीवर आमच्या थोरल्या मामांइतका विश्वास ठेवणारा माणूस सबंध खानदेशात दुसरा झाला नसेल, आणि चारचौघांत भाच्याला मान खाली घालायला लावणाराही. सोनगीर-शिंदखेडा रस्त्यावर, मामांच्या गावच्या फाट्याला ऐंशीच्या सुमारास एक पाटी लागली: 'विनंती थांबा'. हात केला तर बस थांबेल, एवढाच तिचा अर्थ. गाव हात करू लागलं. मामांनी मात्र विनंती सुरू केली. टोपी काढून काखेत धरायची, भर रस्त्यात जायचं, हात जोडायचे आणि येणाऱ्या गाडीपुढे कमरेत वाकायचं. "पाटीवर हात लिखेल शे का?" असं वर आम्हालाच विचारायचे.

बरं, स्वतःला कुठे जायचं नसायचं. गावातली आंधळी म्हातारी जिजी, लकवा झालेला शिंपी, कडेवर एक नि हाताशी एक अशी एखादी बाई, यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. जिजीचा हात वर होईपर्यंत गाडी शिंदखेड्याला पोचलेली असे, हेही खरंच. गाडी थांबली की मामा ड्रायव्हरच्या मुलाबाळांना सविस्तर आशीर्वाद देत आणि आतली माणसं घामाने निथळत ते ऐकत बसत. मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होतो. शनिवारी घरी शिंदखेड्याला जाताना, मामांना दिसू नये म्हणून, मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसायचो.

एका शनिवारी गाडी खच्चून भरलेली, ड्रायव्हर कुठेच थांबायला तयार नव्हता. फाट्यावर करकचून ब्रेक लागला. पाहतो तर मामांनी रस्त्यावर चक्क लोटांगण घातलेलं. कडेच्या दगडावर शेजारच्यांची सून पोट धरून बसलेली, कळा सुरू झालेल्या, आणि तिची सासू रडकुंडीला आलेली. कंडक्टर म्हणाला, "आबा, उठा. पाय ठेवायला जागा नाही." मामा धुळीने माखलेल्या छातीने उठले, दारातून आत डोकावले आणि नेमका मी दिसलो. "तो मना भाचा शे. त्यानी जागा द्या तिले." सगळी बस माझ्याकडे वळली. शेजारचा मित्र म्हणाला, "हे तुझे मामा?" कानशिलं तापली होती. मी उतरलो, त्या दोघी चढल्या, गाडी गेली. माझी पिशवीही गाडीबरोबर गेली.

गावाकडे चालताना मी भडकलोच. "गाडीपुढे लोटांगण घालता? लाज कशी नाही वाटत तुम्हाला?"

मामा टोपी झटकत म्हणाले, "वाटस ना रे. दररोज वाटस. पन तिले पोट धरीसन रस्तावर बसनं पडस, त्यानी लाज जास्त वाटस."

मी इतकी वर्षं समजत होतो की या माणसाला लाजच नाही. सुनेला दवाखान्यात मुलगी झाली. पिशवी तिसऱ्या दिवशी मिळाली.

पुढे नव्वद साल उलटल्यावर मामांचे गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. धुळ्याला ऑपरेशन ठरलं, न्यायला मी आलो. डॉक्टरांनी दुपारच्या आत बोलावलं होतं. फाट्यावर मी हात केला, पहिली गाडी तशीच गेली. मामा काठी टेकून उभे, टोपी डोक्यावर घट्ट.

"मामा, करा ना विनंती."

"सोतासाठे माले जमस नही," म्हणाले, आणि शेताकडे तोंड करून उभे राहिले.

दुसरी गाडी दिसली. मी पिशवी खाली ठेवली, भर रस्त्यात गेलो आणि हात जोडले. खिडक्यांतून माणसं बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागून मामांचा आवाज आला, "आखो जरासा वाक." वाकलो. गाडी थांबली.

आता मामा नाहीत. त्या रस्त्याने गेलो की मी अलीकडच्या खिडकीशी बसतो. पाटी गंजली आहे, पण आहे. तिच्याखाली कुणीतरी म्हातारं माणूस हात वर करायच्या बेतात असतं, आणि आमची गाडी पुढे निघून आलेली असते.