आत्याबाईंचा पाटाव

आत्याबाईंना मी अजून माफ केलेलं नाही. त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, नवरा गेल्यावर माहेरी, धामणगाव बढ्याला येऊन राहिलेल्या. घरातलं सोवळं त्यांच्या ताब्यात होतं, म्हणजे घरच त्यांच्या ताब्यात होतं.

माझं माहेर डोणगावचं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, वडील शाळेत मास्तर होते. शेजारी कापडाचे एक मुसलमान व्यापारी राहत. त्यांच्या बायकोला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणे. आई लवकर गेली, तेव्हापासून माझी वेणीफणी खालानंच केली. लग्नात तिनं मला मशरूचा चोळीचा तुकडा दिला, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा.

"मशरू म्हणजे धर्माले चालते ते, बेटी," ती म्हणाली. "आमच्या मर्दांनी निव्वळ रेशीम अंगाले लावू नये. म्हणून आतून सूत अन् वरून रेशीम."

"आणि आमच्यात रेशीम नेसल्याशिवाय देवाला शिवता येत नाही!" वडील हसले.

मग खालाचे यजमान आणि वडील यांची नेहमीसारखी जुंपली. यजमान म्हणाले, रेशमाला अरबीत हरीर. वडील म्हणाले, संस्कृतात कौशेय, किड्याच्या कोशातलं ते. शिवाय चीनांशुक, कारण माल मुळात चीनचा. इंग्रजांचा सिल्कही फिरत फिरत तिकडूनच आलेला.

"अन् तुमचं रेशीम कुठलं, मास्तर?"

"ते तुमच्या फारसीतलं. अबरेशम," वडिलांनी कबूल केलं, आणि सगळ्यांनी चहा घेतला.

वर्षाच्या आत खाला गेली. मला तिकडे जाऊ दिलं नाही. मी पेटीतून तो तुकडा काढून चोळी शिवायला बसले. आत्याबाईंनी विचारलं, कुठला? मी खरं ते सांगितलं.

"मुसलमानाच्या दुकानातलं? अन् ते अंगात घालून माह्या चुलीपाशी येशीन?"

त्यांनी तुकडा काठीनं उचलला आणि न्हाणीतल्या बंबात घातला. सासरे ओट्यावर बसून सगळं बघत होते. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कारण आत्याबाई जो पाटाव नेसून सोवळ्यात स्वयंपाक करत, ते रेशमी वस्त्र सासऱ्यांनी खालाच्याच दुकानातून घेतलं होतं. मी तेव्हा दुकानात होते. तिथंच त्यांनी मला पाहिलं आणि मुलासाठी मागणी घातली. बहिणीला मात्र पैठणच्या भटजींकडून आणल्याचं सांगितलं होतं.

मी महालक्ष्म्यांपर्यंत दम धरला. पंगत बसली, गावातल्या बायका जमल्या, आत्याबाई पाटाव नेसून वाढायला निघाल्या. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि सासऱ्यांसमोर उभी राहिले.

"मामाजी, आत्याबाईचा पाटाव कोनत्या दुकानातला हाय?"

सासऱ्यांनी मांडलेल्या महालक्ष्म्यांकडे पाहिलं. देवीसमोर खोटं बोलण्याची त्यांची हिंमत नव्हती.

"डोणगावचा," ते म्हणाले. "तुह्या शेजारच्याच दुकानातला."

आत्याबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "काऊन सांगतलं नाही मले?" त्या भावाला म्हणाल्या.

उत्तर मी दिलं. "बंब पेटलेलाच हाय, आत्याबाई."

पाटाव जाळायची त्यांची छाती झाली नाही, पण पुन्हा तो अंगाला लावताही आला नाही. दुसरा आणायला सासऱ्यांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. तेव्हापासून त्या सोवळ्यासाठी पहाटे सुती लुगडं पिळून ओलंच नेसत आणि थंडीत कुडकुडत देवघरात बसत. मला कधी दया आली नाही. मी न्हाणीत बंबाजवळ हात शेकत बघत राही.

म्हातारपणी एकदा त्यांनी दातावर दात आपटत मला हाक मारली. "एक पाटाव आणून दे ना वं पोरी. कुठलाबी चालन."

"खाला असती तर तिनं दिला असता," मी म्हणाले, आणि बंबात आणखी एक काटकी सारली.