काटा मधोमध, मिरची लालभडक

इंदूरच्या मसालेवाल्याने मिरचीचे व्यापारी पितांबर शेठ यांच्या मालाचा व्हिडिओ पाहिला आणि निरोप धाडला की या मिरचीला रंग मारलेला दिसतो, असा माल आम्ही उचलत नाही. तो व्हिडिओ मेहबूब मन्सुरी यांनी काढलेला होता. निरोप आला त्याच सकाळी शेठ स्कूटर घेऊन नंदुरबारातल्या त्यांच्या दुकानापुढे उभे राहिले आणि खाली उतरायच्या आधीच बोलू लागले.

"मेहबूब, हाई काय करी ठेवं रे भो? इंदूरवाला सांगी ऱ्हायना, मालले रंग मारेल शे. मन्ही सारी जिंदगी गई पथारीवर, आजलगून कोनी असं बोलनं नही."

मेहबूबभाईंना वाटलं, शेठ थट्टा करताहेत. मग शेठनी मोबाईल पुढे केला. पडद्यावर पथारी होती, म्हणजे शहराबाहेरचं ते मोकळं रान, जिथे बाजारात घेतलेली ओली लाल मिरची उन्हात वाळत घालतात. पण त्यात मिरच्याच दिसत नव्हत्या. जमिनीवर लाल ताडपत्री अंथरावी तसा नुसता रंग होता. देठ नाही, सुरकुती नाही, एका मिरचीची दुसरीवर सावली नाही.

"उद्या सांजलगून दुसरा व्हिडिओ दे. नही तं तो दुसरीकडला माल घेई लेई. अन् गावमा काय सांगू मी? पितांबर रंग मारस?"

शेठ गेले. मेहबूबभाई हातातला चहा तसाच धरून उभे राहिले. त्यांना कळेना की चूक झाली कुठे. काटा तर मधोमध होता.

हा काटा म्हणजे काय ते सांगायला हवं. मेहबूबभाई कॅसेटच्या जमान्यापासून लग्नाचं शूटिंग करत आले आहेत. खापरच्या बाजारपेठेतली लग्नं, विसरवाडीला हायवेच्या कडेचे मांडव, प्रकाशा गावाकडे तापीकाठच्या गुजर घरांतली मोठी लग्नं, सगळीकडे तेच. नवरदेवाच्या कोणत्या काकाला आधी दाखवायचं, रुसून मागे बसलेली आत्या शोधून तिला फ्रेममध्ये कसं आणायचं, हे त्यांना बरोबर ठाऊक. उजेडाची काळजी मात्र त्यांनी कधी केली नाही. खांद्यावरचा तो जुना कॅमेरा आपला आपणच उजेड कमीजास्त करायचा. यांनी फक्त बटण दाबायचं आणि हात हलू द्यायचा नाही.

मग गिऱ्हाईकं म्हणू लागली की नवरीच्या मागचं धूसर पाहिजे. कॅसेटवाल्या कॅमेऱ्यातून मागचं धूसर होत नव्हतं. म्हणून त्यांनी सुरतेहून एक वापरलेला डीएसएलआर आणला. साधाच, शिकाऊ पोरं घेतात तसला. त्याच्या चाकावर 'एम' असं अक्षर होतं, आणि व्हिडिओ चांगला हवा तर चाक तिथेच ठेवायचं, असं शेजारच्या धीरजने सांगितलं. धीरज पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, आणि रिकाम्या वेळात इंटरनेटवर शिकवणीचे व्हिडिओ पाहतो. त्याने मेहबूबभाईंना तीन गोष्टी शिकवल्या: भिंगाचं भोक, शटरचा वेग आणि आयएसओ.

"भोकना आकडा मोठा कया का उजेड कमी," धीरज म्हणाला होता. "शटरना आकडा मोठा कया का उजेड कमी. आयएसओना आकडा मोठा कया का उजेड जास्ती."

"असं कसं? दोन उलटा अन् एक सीधा?"

"असंच शे, चाचा. ध्यानमा ठेवा, बस."

ध्यानात राहिलं नाही. तेव्हा धीरजने सोपा उपाय सांगितला. पडद्याच्या खाली एक बारीक पट्टी असते, तिच्यावर एक काटा सरकतो. डावीकडे गेला की अंधार, उजवीकडे गेला की जादा उजेड. काही समजलं नाही तरी काटा मधोमध आणायचा. हे मेहबूबभाईंना पटलं. तराजूचा काटा मध्ये आला की वजन बरोबर, तसंच हे. या एका नियमावर त्यांनी दोन हंगाम लग्नं काढली आणि कोणी तक्रार केली नाही.

आणि आता तोच काटा मधोमध असताना शेठच्या मालावर रंगाचा आळ आला होता.

घरी त्यांच्या बायकोने, मदिनाभाभींनी विचारलं, "क्या हुआ जी, कॅमेरा बिगडा क्या?"

"कॅमेरा नही बिगडा. मेरेकू ही कुछ समझ नही रहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धीरजला घेऊन पथारीवर गेले. हिवाळ्याचं स्वच्छ ऊन होतं. हवेत तिखट भरलेलं, त्यामुळे तोंडाला रुमाल बांधूनही दोघे शिंकत होते. बायका रांगेने बसून मिरची निवडत होत्या. त्यांत पुढे रूपलीबाई होत्या, धडगावकडच्या, दर हंगामात कामाला डोंगरातून खाली येणाऱ्या. त्यांनी कॅमेरा पाहिला आणि हाक मारली.

"ओ फोटूवाला, परत उना का? हाई मिरची शे, नवरी नही. कितला फोटो काढशी तिन्हा?"

बायका हसल्या. मेहबूबभाईही हसले, पण त्यांचं लक्ष काट्याकडे होतं.

पहिल्यांदा त्यांनी शटरचा आकडा खूप मोठा केला. उजेड कमी झाला, मिरची जरा मिरचीसारखी दिसू लागली. पण रूपलीबाईंनी सुपातली मिरची पाखडली तेव्हा पडद्यावर त्यांचे हात झटके घेत होते. मिरच्या हवेत अडकत अडकत खाली पडत होत्या.

"चाचा, व्हिडिओमा शटर पन्नासवरच ठेवनं पडस," धीरज म्हणाला. "नही तं असं तुटक दिसस."

"मंग पहिले कसाले नही सांगं?"

"पहिले तुम्ही लगीन काढतस ना. मांडवमा इतलं ऊन कथाईन येई?"

शटर परत पन्नासवर आलं. आयएसओ सगळ्यात खाली. भोक बरंच बारीक केलं. काटा मधोमध आला, आणि मिरची पुन्हा ताडपत्री झाली. मेहबूबभाईंनी कॅमेरा तिपाईवर तसाच सोडला आणि बांधावर जाऊन बसले.

"मन्हं डोकं काम नही करी ऱ्हायनं, धीरज. तूच सांगं ना, काटा मधमा म्हणजे बराबर?"

धीरजचाही गोंधळ उडाला होता, पण तो कबूल करायला तयार नव्हता. त्याने मोबाईलवर काहीतरी शोधलं, मग कॅमेऱ्याने पथारीचा एक साधा फोटो काढला आणि त्यातल्या उजेडाचा आलेख उघडला. लाल, हिरवा, निळा असे तीन डोंगर दिसले. हिरवा आणि निळा डावीकडे आरामात पसरले होते. लाल मात्र उजव्या भिंतीला जाऊन चिकटला होता, जणू बसमध्ये जागा नाही म्हणून दाराला लोंबकळलाय.

"हाई दखा," तो हळू आवाजात म्हणाला. "कॅमेऱ्याले मिरची काळपट वाटस. म्हणून तो आखो जास्ती उजेड मांगस. आपण देतस, अन् लाल भराई जास. भराई गया का मंग त्यामा काहीच दिसत नही."

"म्हणजे काटा खोटं बोलस?"

"खोटं नही बोलत. पण खरं बी नही बोलत."

मेहबूबभाई उठून कॅमेऱ्याकडे गेले.

त्यांनी भोक आणखी बारीक केलं. काटा मधून डावीकडे सरकला, आणखी सरकला, तसा पुढच्या फोटोत लाल डोंगर भिंतीपासून सुटला. आता काट्याच्या हिशेबाने ते चुकीचं चित्र काढत होते. मेहबूबभाईंच्या बोटांना ते सहन होईना. दोनदा त्यांनी नकळत भोकाचं चाक परत फिरवून काटा मध्ये आणला आणि दोनदा धीरजने त्यांचा हात धरला. शेवटी त्यांनी पट्टीवर अंगठा ठेवला आणि शूटिंग केलं.

दुपारी शेठ आले. उन्हातच उभं राहून त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला.

"अरे, हाऊ तं अंधार शे! रूपलीबाईना चेहरा बी दिसत नही."

"मन्हा चेहरा इंदूरले इकाना शे का, शेठ?" रूपलीबाई तिकडून म्हणाल्या.

"उन्हमा पडदा काळाच दिसस, शेठ," धीरजने सांगितलं. "गोदाममा चाला."

गोदामाच्या सावलीत तोच व्हिडिओ पुन्हा लावला. शेठ बराच वेळ पाहत राहिले. आता एकेक मिरची वेगळी होती. ओली चकचकीत, अर्धी वाळलेली, पुरती वाळून गडद झालेली. देठ दिसत होते, सुरकुत्या दिसत होत्या. आणि अधूनमधून, अगदी स्पष्ट, पांढरट पिवळे डाग पडलेल्या मिरच्या दिसत होत्या. अशा मिरचीला बाजारात फटकी म्हणतात. फटकी म्हणजे हलका माल.

शेठचा आवाज बदलला. "मेहबूब, हाई फटकी कसाले दखाडी?"

"मी नही दखाडी, शेठ. ती शेच."

"शे, पण त्या पहिला व्हिडिओमा नव्हती."

"त्यामा मिरचीच नव्हती ना, शेठ."

शेठनी मोबाईल खिशात घातला, परत काढला. "थोडं उजळ कर. इतलं नही, थोडं. फटकी दिसाले नको अन् रंग बी वाटाले नको."

मेहबूबभाईंनी धीरजकडे पाहिलं. कालपर्यंत माल जास्त लाल दिसतो म्हणून ओरड होती, आज पुरेसा लाल नाही म्हणून. त्यांनी पथारीवर जाऊन खरोखर प्रयत्नही केला, दर टिचकीला एक तुकडा काढला. भोकाचं चाक एक टिचकी फिरवलं, तर फटकी तशीच. आणखी एक टिचकी, फटकी जरा पुसट. आणखी एक, आणि फटकी गेली, पण तिच्याबरोबर देठही गेले, सुरकुत्याही गेल्या. मधली जागा अशी नव्हतीच. तिन्ही तुकडे त्यांनी शेठपुढे ठेवले.

"शेठ, माले उजेडनं काही समजत नही, आते खरं सांगस," ते म्हणाले. "पण लगीनमा कोनी मन्हावर खोटं काढानी शंका लई नही. तुमना मालवर मन्हा कॅमेऱ्यामुळे शंका उनी. त्यामुळे मी आज सकाळना फटकीवालाच धाडस. तुम्हले नको व्हई तं दुसरा शूटिंगवाला बलावा."

शेठ चिडले. गोदामाच्या दारापर्यंत गेले, बाहेर पसरलेल्या मालाकडे पाहिलं, परत आले. "धाड," ते म्हणाले. "धाड अन् तमाशा दख."

व्हिडिओ गेला. कोणी घरी गेलं नाही. शेठ पोत्यावर बसून राहिले, धीरज उगीच मोबाईलचं कव्हर काढून पुन्हा बसवत होता. मेहबूबभाई भिंगावरची मिरचीची धूळ फुंकत होते आणि शिंकत होते. सावल्या लांब होऊ लागल्या तेव्हा शेठचा फोन वाजला. त्यांनी तो मोठ्या आवाजावर लावला.

"हां सेठजी," इंदूरवाला म्हणाला, "अब मिर्ची लग रही है. मैंने कहा, रंग मारनेवाला फटकी काहे को छोडेगा? उसको भी रंग देगा ना. माल भेजो. पर पहले फटकी निकालो, और जो गीला है उसे और सुखाओ."

शेठनी फोन ठेवला. खूश व्हावं की रागवावं, हे त्यांच्या तोंडावर ठरत नव्हतं. माल जाणार होता, नावावरचा डाग गेला होता, आणि निवडायचं काम पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं. त्यांनी बाहेर येऊन आवाज दिला तेव्हा बायकांनी एकसुरात कुरकुर केली.

"फोटूवालानी काम वाढावं," रूपलीबाई म्हणाल्या.

"अन् मेहबूब," शेठ म्हणाले, "फटकी वेगळी काढी ना, तिन्हा बी व्हिडिओ कर. इंदूरवालाले दखाडू, आम्ही काढी टाकी."

तासाभरात फटकीचा छोटा ढीग जमला. पांढरट, पिवळट, उतरत्या उन्हात चमकणारा. मेहबूबभाईंनी कॅमेरा त्यावर रोखला. काटा झपकन उजवीकडे पळाला. त्यांनी त्याला ओढत मधोमध आणलं, तर ढीग मळकट राखाडी दिसू लागला, शेणीच्या राखेसारखा.

"धीरज, आते?"

धीरजने डोकं खाजवलं. "ढीग पांढरा शे ना... म्हणजे आते त्याले जादा उजेड देनं पडी. मन्हा अंदाज तसा शे."

"अंदाज?"

शेठ वाकून पडद्यात पाहू लागले. त्यांच्या मते ढीग याहून पांढरा होता. रूपलीबाईंनी एक फटकी उचलून पडद्याशेजारी धरली आणि म्हणाल्या की ती पिवळी आहे, शेठला दिसत नाही. शेठ म्हणाले, तुन्हा हात पिवळा शे म्हणून तसं वाटस. मागून आणखी दोघी बघायला आल्या आणि प्रत्येकीचं वेगळंच मत निघालं. मेहबूबभाईंनी काट्याकडे न पाहता चाक एक टिचकी फिरवलं, सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, आणखी एक टिचकी फिरवलं, आणि ऊन जायच्या आत बटण दाबलं.