डाव्या कोपऱ्यातला ओला डाग

तो बांध फुटायच्या आधी त्याचं भोक मी तीन वेळा पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, प्रत्येक वेळी त्याच्याभोवती लाल गोल काढला होता. हे नंतर सांगू म्हटलं तर राहूनच जाईल, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी चौलचा. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर सुपारीच्या वाडीला पाणी सोडायचं आणि बायकोच्या कामात लुडबुड करायची, एवढाच उद्योग उरला होता. मग आमच्या भागातल्या हौशी छायाचित्रकारांच्या एका ऑनलाइन ग्रुपने मला परीक्षक केलं. अलिबागचे एक दातांचे डॉक्टर तो ग्रुप चालवतात. महिन्याला एक स्पर्धा. फोटो डॉक्टरांकडे जायचे, ते नावं झाकून, नुसते क्रमांक टाकून माझ्याकडे पाठवायचे. पाठवणाऱ्याला फोटोखाली एक अक्षर लिहायला बंदी. जो पहिला येईल त्याचंच नाव उघड व्हायचं आणि त्यालाच आपल्या फोटोबद्दल दोन ओळी लिहायची मुभा मिळायची.

हे नियम माझे. शाळेत असताना दरवर्षी चित्रांचं बक्षीस गावच्या पुढाऱ्यांच्या पोरांना जाताना पाहिलं होतं, आणि त्या यादीवर सहीही केली होती. तेव्हा इथे वशिला नको, रडगाणं नको, फोटोने स्वतः काय ते बोलावं, असं मी मोठ्या तोऱ्यात बजावलं. लोक दबकून असायचे मला. खोटं कशाला बोलू, ते आवडायचं.

माझी पद्धत शाळेतलीच. टॅबवर फोटोची प्रत काढायची, जे खटकतं त्याभोवती बोटाने लाल गोल करायचा, बाजूला तारीख घालून शेरा मारायचा आणि ती प्रत डॉक्टरांमार्फत परत पाठवायची. निकाल लागला की डॉक्टर मूळ फोटो पुसून टाकत. मी मात्र माझ्या शेऱ्यांच्या प्रती जपून ठेवायचो.

चैत्रात एक फोटो आला. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला मातीचा लांबलचक बांध, त्यावरून डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन जाणारी म्हातारी, उजवीकडे ओहोटीची खाडी, डावीकडे कोरडी ठणठणीत शेतं. उजेड फार सुरेख होता. फक्त खाली डाव्या कोपऱ्यात, बांधाच्या पायाशी, करवंटीएवढं काळं भोक होतं आणि त्याच्यापुढे शेतात एक ओला, चकाकता डाग. नजर सारखी तिकडेच जायची. मी गोल केला आणि लिहिलं, ‘नजरेला खटकतं. हे काढून टाका.’

वैशाखात तीच जागा पुन्हा आली. म्हातारी नव्हती. भोक होतं, आणि डाग आता अंगणाएवढा झाला होता. मला राग आला. सांगूनही ऐकत नाही म्हणजे काय? बायको शेजारी कोलंबी सोलत बसली होती. तिचं माहेर खाडीकाठचं. तिने मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, "अहो, वैशाखात शेतात पाणी कुठलं?"

"असेल काहीतरी," मी म्हटलं.

"खाडीला ओहोटी आहे आणि शेत ओलं. आमच्याकडे असं दिसलं की माणसं जेवणावरून उठून बांधावर धावायची."

"आपण इथे चित्र बघतोय, शेत नाही."

ती कोलंबीचं ताट उचलून आत गेली. मी गोल केला, गुण कापले.

ज्येष्ठातल्या फोटोत बांध नव्हताच. नुसतं भोक, फ्रेमच्या अगदी मधोमध, आणि त्यात कोपरापर्यंत घातलेला एक बाईचा हात. हिरव्या काचेच्या बांगड्या भोकाच्या तोंडाशी अडकल्या होत्या. तो फोटो पाहताना मला कसंसंच झालं होतं. पण तसं वाटणं हाच फोटोचा गुण असू शकतो, हे शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि नेमकं तेव्हा ते मला सुचलं नाही. दहापैकी तीन गुण दिले. गोलाशेजारी लिहिलं, ‘विषय कळत नाही. चिखलात हात घालून काय सांगायचं आहे?’

आषाढ लागल्यावर चौथा फोटो आला. तोच बांध, ढगांनी भरलेलं आभाळ, नुकत्याच लावणी झालेल्या भाताची कोवळी हिरवळ. डावा कोपरा सफाईने छाटलेला. डाग नाही, भोक नाही. कसा निमूट ऐकला माझा शेरा, म्हणून मी खूश झालो. नऊ गुण. पहिला नंबर.

नाव उघड झालं. रेवदंड्याच्या खाडीवर आत एक गाव आहे, तिथली शेतकरी बाई. नवरा ट्रकवर, शेत ही बघते. तिला मिळालेल्या दोन ओळी तिने लिहिल्या: ‘हा आमचा बांध. डाव्या बाजूला भोक पडलंय, चार महिने अर्ज करतोय, बघायला कोणी येत नाही. अमावास्येच्या उधाणाआधी कोणीतरी या.’

खाली अंगठे आले, फुलं आली. एकाने लिहिलं, ‘भोक कुठे दिसत नाही, बांध तर झकास आहे.’ आणि मी काय लिहिलं? ‘अभिनंदन. छाटणी उत्तम.’

तेव्हा जुन्या प्रती काढून बघाव्यात असं मनात आलं होतं. टॅब मांडीवरच होता. पण मी उठून वाडीत गेलो आणि उगाच पोफळींच्या बुंध्यांशी पडलेल्या झावळ्या गोळा करत बसलो. अमावास्येला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी रोज भिंतीवरचं कॅलेंडर पाहायचो आणि आपण कशाला पाहतोय हे स्वतःला विचारत नव्हतो. बायको मला पाहताना पाहत होती.

अमावास्येला भर दुपारी भरती चढली. आमच्याकडेही नाल्याचं पाणी उलटं फिरलं. संध्याकाळी नियम बाजूला ठेवून ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला: बांधाला खांड पडलेली, बैलगाडी जाईल एवढी, आणि पलीकडे लावणी झालेल्या शेतांवर तपकिरी पाणी. कुठेही हिरवं दिसत नव्हतं. एकदा खारं पाणी बसलं की पुढची काही वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही, हे मला सांगायला कोणी नको होतं. कोणीतरी त्याखाली लिहिलं, ‘प्रकाश छान पकडलाय.’ हे असं बोलायला त्यांना मीच शिकवलं होतं.

आठवड्याने ती शेतकरी बाई आमच्या दारात रिक्षाने आली. पस्तिशीची असेल, सडसडीत. हातात हिरव्या बांगड्या होत्या. एका हातातल्या निम्म्याच.

"सर, पंचनाम्याचे सायेब आमालाच म्हनतान, तुमीच बांद फोरला," ती ओटीवर बसायच्या आधीच म्हणाली. "खारं पानी घेऊन कोलंबीचा तलाव करायला. तसं करतात काही लोकं, मला ठावं हाय. पन आमी न्हाय केलं. पंचनाम्यात तसं लिवलं त आमचं शेत पन गेलं आनि गुन्हा पन आमच्यावरच."

"अर्ज केले होते ना तुम्ही?"

"क्येले. ते म्हनतान, अर्जात लिवायला काय जातंय. कोनी त्यांना माजा पयला आलेला फोटो दावला. म्हनतान, पंदरा दिवसांपूर्वीचा फोटो हाय, ह्यात भोक कुटं हाय?"

मी म्हटलं, "मग तुमचे आधीचे फोटो दाखवा."

"पुसले," ती म्हणाली. "मोबाइल भरला व्हता. तीन गुन आले तवा सगलं पुसून टाकलं मी. म्हटलं, सरांना भोक नको त भोक काढू, पयला नंबर आला त दोन ओली तरी लिवायला गावतील."

बायकोने तिला चहा दिला. माझा कप आणला नाही.

मी टॅब काढला. चैत्रातली प्रत, वैशाखातली, ज्येष्ठातली. प्रत्येकावर तारीख, प्रत्येकावर भोक, प्रत्येकावर माझा लाल गोल. ती एकेक करून बघत राहिली. मग म्हणाली, "बरोब्बर जागेवर गोल केलाव सर तुमी."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

लाज सांगायची तर मी त्या रेघा पुसायचा प्रयत्न केला. पुसल्या गेल्या नाहीत, प्रतीत त्या कायमच्या मिसळल्या होत्या. शेरा छाटावा म्हटलं, तर तो भोकाला इतका चिकटून लिहिलेला होता की त्याबरोबर भोकही गेलं असतं. शेवटी तिन्ही जशाच्या तशा छापून घेतल्या आणि तिच्याबरोबर त्या साहेबांच्या कचेरीत गेलो.

साहेब तरुण होते. त्यांनी चष्मा वर करून पहिली प्रत डोळ्यांजवळ नेली. "हे बरं झालं, कोणीतरी पाहणी करून खूण केलेली दिसते," ते म्हणाले, आणि मग शेरा मोठ्याने वाचला, "नजरेला खटकतं. हे काढून टाका. कोणी लिहिलंय हे?"

"मी."

"म्हणजे तुम्हाला चैत्रात हे दिसलं होतं?"

"हो."

"कळवलं कोणाला?"

ती बाजूच्या बाकावर बसली होती. माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती. मी नाही म्हटलं.

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "मग तसं लिहून द्या. नावानिशी. तरच हे पंचनाम्याला जोडता येईल."

मी लिहून दिलं. भोक चैत्रापासून होतं, दर महिन्याला वाढत होतं, मी ते तीन वेळा पाहिलं, आणि कोणालाही सांगितलं नाही. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.