सॉलिसची सही

आमच्या चारकोपच्या सोसायटीत इंग्रजी शब्दांची जेवढी धास्ती आहे तेवढी जगात कुठेही नसेल, आणि त्याचं सगळं श्रेय तळमजल्यावरच्या काकांना. काका एका कारखान्यात पस्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. सहीशिवाय त्यांनी तिथून कधी खिळासुद्धा बाहेर सोडला नाही. निवृत्तीनंतर इंग्रजी शिकायला घेतलं तेही त्याच शिस्तीत. डिक्शनरीतून एखादं जड नाम काढायचं, रजिस्टरात चढवायचं आणि खऱ्याखुऱ्या प्रसंगात कुणावर तरी वापरून त्याची सही घ्यायची. सही नाही तर शब्द आला नाही, असा नियम. टाकीचं झाकण आठ महिने न बसवणाऱ्या सेक्रेटरींना त्यांनी जिन्यात गाठलं. "तुमचं प्रोक्रॅस्टिनेशन बघून थक्क झालो. सही करा." सेक्रेटरींनी खुशीत सही ठोकली, घरी जाऊन मुलीला अर्थ विचारला, तो 'चालढकल' निघाला, आणि तिसऱ्या दिवशी झाकण बसलं. जवळचं भाडं नाकारणाऱ्या रिक्षावाल्याला काका म्हणाले, "ये तुम्हारी ऑडॅसिटी है. इधर साइन करो." तो घाबरून म्हणाला, "बैठो ना अंकल, साइन कायको?" काकांनी उतरताना सही घेतलीच.

अडला तो एकच शब्द, सॉलिस. "डिक्शनरी म्हणते सांत्वन, दिलासा," काका माझ्याकडे कुरकुरले, "पण वापरायचा म्हणजे आधी समोरच्याचं काहीतरी वाईट व्हायला हवं ना रे?" दुसऱ्या मजल्यावर एकाचा पाय मोडला तेव्हा ते रजिस्टर घेऊन धावले आणि हिरमुसून परतले. "मजेत क्रिकेट बघतोय लेकाचा!" चार महिने ती ओळ कोरी होती आणि काकांना चैन नव्हतं.

मग माझी आई गेली. काका रोज संध्याकाळी यायचे, तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. इंग्रजी सोडाच, मराठीही बोलायचे नाहीत. पण चार वाजले की मी त्यांची वाट बघायला लागायचो. ते बसलेले असताना मला बरं वाटायचं.

तेरावं झाल्यावर मीच खाली गेलो आणि रजिस्टर मागितलं. सॉलिसची ओळ काढून पेन उघडलं, तर त्यांनी पानावर हात ठेवला. "अरे, मी शब्द वापरलाच नाही. नियमात बसत नाही."

"काका, स्टोअरमध्ये सही कशाची घ्यायचात? माल मागितल्याची की मिळाल्याची?"

काकांनी पानावरचा हात काढला.

"मिळाला?"

"मिळाला."

मी सही केली. तारीख त्यांनी घातली. पस्तीस वर्षं तारीख न चुकवलेल्या काकांची ती चुकलेली आहे, पण आम्ही दोघांनीही ती अजून सुधारलेली नाही.