सोबत मिक्सर घ्यावा लागत नाही

ज्याचं वाटोळं व्हावं असं मला मनापासून वाटलं, असा माणूस माझ्या आयुष्यात एकच. चंद्रपूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाचा तो शेठ होता आणि मी त्याच्या काउंटरवर उभी राहायची. रोज घुग्घुसहून बसनं यायची. दुकानात कूलर, फ्रिज, टीव्ही खपत. जिन्याखाली एक काचेचं कपाट होतं, त्यात टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम ठेवलेले असत. ते ठेवायला मीच लावलं होतं. खाणीच्या आणि सिमेंटच्या कॉलन्यांतले साहेब लोक पोरांसाठी हे कन्सोल नागपूरहून आणतात, मग आपणच का ठेवू नयेत, असं मी सुचवलं. शेठनं हसत हसत मान हलवली. त्या कपाटाला तो ‘बाईचं खेळणं’ म्हणायचा, कारण दिवाळी सोडली तर तिकडे कुणी फिरकत नसे.

मग टाळेबंदी आली. शाळा बंद, मैदानं बंद, आणि एप्रिलच्या उन्हात घराघरात कोंडलेली पोरं. माझा फोन वाजायला लागला. एरवी दहा वेळा भाव विचारून निघून जाणारे इंजिनिअर आता गयावया करत होते. एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही मुलं एकमेकांच्या उरावर बसतात, काहीही करा पण तो गेम द्या. जिन्याखालचं कपाट बघता बघता रिकामं झालं. नवा माल येत नव्हता, कारण बाहेरदेशातले कारखानेच थंडावले होते आणि जगभरच्या घरांत पोरं अशीच कोंडलेली होती. जे मिळेल ते नागपूरचा एक एजंट भाजीच्या गाडीतून पाठवायचा.

शेठला वास लागला. त्यानं माल घरामागच्या गोदामात दडवला आणि भाव वाढवला. वर अट घातली, की ज्याला गेम हवा त्यानं सोबत एक मिक्सर घ्यायचा. ते मिक्सर कित्येक वर्षं खपत नव्हते. दुकान उघडायला परवानगी नव्हती, म्हणून त्यानं शटरची किल्ली माझ्याकडे दिली. बस बंद होत्या, मी घुग्घुसहून दुधाच्या गाडीतून यायची. गिऱ्हाईक आलं की शटर गुडघ्याइतकं वर करायचं, खोकी बाहेर सरकवायची, पुन्हा खाली. तो स्वतः घरी बसायचा. मला ते आवडत नव्हतं, पण बाबांची खाणीतली नोकरी संपत आली होती आणि मला पगार हवा होता.

मिक्सर गळ्यात पडलेल्या कुणा गिऱ्हाइकानं तक्रार केली असावी. एका दुपारी पोलिसांचं पथक आलं तेव्हा माझा एक हात शटरखाली होता आणि हातात कन्सोलचं खोकं होतं. शेठला बोलावलं. तो आला, तोंडावरचा रुमाल नीट केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “दुकान तं मी बंदच ठेवलं होतं साहेब. ही बाई मले न सांगता माल काढून विकून राह्यली होती. किल्ली पाहा ना, तिच्याकडंच आहे.”

किल्ली माझ्याकडेच होती. मी खरं ते सांगितलं, पण ते सांगताना माझा आवाज चोरासारखाच येत होता. ठाण्यात मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बाबांना फोन केला.

बाबा पहिली पाळी संपवून मोटरसायकलवर तसेच आले, कपड्यांवर कोळसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सरळ शेठपुढे जाऊन हात जोडले. शेठ तक्रार पुढे नेणार नव्हताच. चौकशी वाढली असती तर त्याचं गोदाम उघडं पडलं असतं. पण बाबांना ते कुठून कळणार? शेठ म्हणाला, “पोरीले समजवा भाऊ. मी मोठ्या मनाचा आहो म्हणून सोडून राह्यलो.” बाबा म्हणाले, “उपकार झाले, शेठ.”

नोकरी गेली, त्याचं मला इतकं नव्हतं. ते ‘उपकार झाले’ माझ्या कानातून जाईना. घुग्घुसला ही गोष्ट आमच्या आधी पोचली होती. बाबांकडे मोहल्ल्यातल्या विहाराच्या किल्ल्या असायच्या. त्यांनी त्या स्वतःहून नेऊन दिल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. आई विचारत होती, काऊन देऊन आले? बाबा म्हणाले, लोकांनी मागायच्या आधी दिलेल्या बऱ्या.

पावसाळ्यात बस सुरू झाल्यावर मी वडशाला मावशीकडे गेले. मावशी झाडीपट्टी नाटकात काम करायची. खाष्ट सासू, कपटी सावकारीण, जहागीरदाराची दुष्ट बहीण, अशी तिची कामं. त्या वर्षी नाटकं होणार नव्हती. हिवाळ्यात जिथं नाटक कंपन्यांची कार्यालयं थाटतात आणि गावोगावचे लोक नाटक ठरवायला येतात, ते गाळे कुलूपबंद होते. मावशी दिवसभर खाटेवर बसून तांदूळ निवडायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची.

मी तिला सगळं सांगितलं आणि रडले. तिनं मला रडू दिलं. मग विचारलं, “तो माणूस कशाले भुकेला आहे?”

“गिऱ्हाइकाले,” मी म्हटलं.

“मंग त्याले गिऱ्हाईक देऊ.”

माझी जुनी गिऱ्हाइकं अजून मलाच फोन करायची. त्यांना मी एवढंच सांगितलं, की नवा घेऊ नका, थोडं थांबा, मी वापरलेला मिळवून भाड्यानं देते. बदली होऊन चाललेल्या एका कुटुंबाचा कन्सोल मावशीनं तिच्या गाठीच्या पैशातून घेतला. मग दुसरा, तिसरा. एका नाटक कंपनीचा रिकामा गाळा आम्हाला मिळाला. भिंतीवर गेल्या हंगामाची पोस्टरं तशीच होती, तलवार घेतलेले नायक आणि डोळे वटारलेल्या बाया, त्यांच्याखाली मी टीव्ही आणि कन्सोल लावले, तासाच्या भाड्यानं. राइस मिलवाल्यांची पोरं यायला लागली. बेकार बसलेले नटही यायचे. रंगमंचावर ज्याला पाहून बाया शिव्या द्यायच्या, असा एक खलनायक लुंगी लावून मोटारींची शर्यत खेळायचा आणि लहान पोरांकडून हरला की चहा पाजायचा.

हे झालं पोटापाण्याचं. शेठसाठी मावशीनं वेगळं काम काढलं होतं. आमच्याकडे येणाऱ्या नटांचे फोन ती आळीपाळीनं मागून घ्यायची आणि चंद्रपूरला शेठला लावायची. कधी ती खाण मॅनेजरची बायको व्हायची, हिंदी झाडणारी. कधी बल्लारपूरची डॉक्टरीण. कधी सिरोंच्याची ठेकेदारीण, अर्धं तेलुगू बोलणारी. “शेठगारू, मुलं फार त्रास देतात. गेमचे दोन डबे ठेवा. भाव काय असंल तो असू द्या.” आगाऊ रक्कम ती कधीच कबूल करायची नाही. माल आला की कळवा, एवढंच म्हणायची. एकदा जमलेला आवाज ती पुन्हा घोटायची. तांदूळ निवडणं बंद झालं. त्या हंगामात मावशीनं एकच नाटक केलं, आणि ते फोनवर.

नागपूरच्या एजंटचाही मला एकदा फोन आला. त्यानं जरा काळजीनं विचारलं, तुझा जुना शेठ मी पाठवीन तेवढा माल उचलतो आहे, चंद्रपुरात खरंच एवढी मागणी आहे का. मी म्हटलं, “आहे. द्या तुम्ही.” पुन्हा फोन करून त्याला खरं सांगावं असं मला एकदाही वाटलं नाही.

शेठ माल भरत गेला. टंचाई कायम राहणार अशी त्याची खात्री होती, आणि बराच काळ ती खरी ठरत होती. मग शाळा उघडल्या. पोरं उन्हात क्रिकेट खेळायला लागली, आईबापांनी कन्सोल कपाटावर टाकले, काहींनी मलाच विकले. बाजारात नवी मॉडेलं सहज मिळायला लागली. शेठच्या गोदामात जुनी मॉडेलं राहिली, महागात घेतलेली. मॅनेजरबाई, डॉक्टरीण, ठेकेदारीण, कुणीच फोन उचलेना; नटांना मावशीनं तसं बजावलं होतं.

तेव्हा मी चंद्रपूरला परतले आणि त्याच्या दुकानासमोरच, रस्त्याच्या पलीकडे, गाळा घेतला. दुसरीकडे स्वस्त मिळत होता. मला तोच हवा होता. पाटी रंगवून घेतली: जुने-नवे व्हिडिओ गेम मिळतील. खाली दुसरी ओळ: सोबत मिक्सर घ्यावा लागत नाही. मिक्सर घेतलेले लोक शहरात पुष्कळ होते. ते पाटी वाचत, हसत आणि आत येत. शेठ त्याच्या काउंटरवरून हे सगळं बघायचा.

शेवटी एक दिवस तो रस्ता ओलांडून आला. मी त्याला बसा म्हटलं नाही. त्यानं दुकानभर नजर फिरवली, कौतुक केलं, मग म्हणाला की गोदामातला माल मी घ्यावा, भावाचं तो सांभाळून घेईल.

मी म्हटलं, “आधी घुग्घुसले जा. रविवारी सकाळी विहारात वंदना असते, बाबा तिथं असतात. सगळ्यांपुढं खरं सांगा. मंग बोलू.”

त्याचा चेहरा काळवंडला. तो रस्ता ओलांडून परत गेला. पण गोदाम त्याला झोपू देत नसावं, कारण त्या रविवारी तो आला. मीही गेले होते. वंदना संपली, लोक चपला घालत होते, तेव्हा तो पायरीखाली उभा राहिला आणि म्हणाला, “भाऊ, तुमच्या पोरीनं चोरी केली नव्हती. मीच तिले विकाले लावलं होतं. खोटं मी बोललो.” लोक एका चपलेवर थांबले. बाबांनी त्याला घरी नेलं आणि चहा दिला. मला तो चहा अजून खुपतो. पुढच्या आठवड्यात मंडळी विहाराच्या किल्ल्या घेऊन घरी आली, आणि बाबांनी त्या घेतल्या.

शेठ सोमवारीच माझ्या दुकानात हजर. माल कधी उचलतेस, म्हणून विचारायला लागला.

“नाई घेत,” मी म्हटलं.

“तू म्हणली होती ना, मंग बोलू.”

“बोललो ना. हेच बोलायचं होतं.”

तो उभाच राहिला. मावशी तेव्हा माझ्याकडेच राहायला आली होती. मागच्या खोलीतून ती पदर सावरत बाहेर आली, त्याच्याकडे बघून गोड हसली आणि सिरोंच्याच्या ठेकेदारणीच्या आवाजात म्हणाली, “शेठगारू, माझे दोन डबे ठेवले ना?”

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मी त्याचा चेहरा नीट बघून घेतला. आधी गोंधळ, मग हिशेब, मग ते कळणं. त्यानं काउंटरच्या कडेला हात टेकला. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे न बघता गेला, एक ऑटोवाला त्याच्यावर ओरडला.

बाबांना हे कळलं तेव्हा त्यांना ते आवडलं नाही. म्हणाले, त्यानं सगळ्यांपुढं मान खाली घातली होती, तिथंच सोडायचं होतं. मी म्हटलं, बाबा, त्याची मान मालासाठी खाली होती, तुमच्यासाठी नव्हती. बाबा म्हणाले, “माह्यासाठी असो का नसो, तुले आता बरं वाटून राह्यलं का?”

वाटत होतं. मी तसं सांगितलं. त्यांना वेगळं उत्तर हवं होतं, ते माझ्याकडे नव्हतं.

शेठनं गोदामातला माल कुणाला तरी मातीमोल भावानं दिला, असं ऐकलं. आता तो फक्त कूलर आणि फ्रिज विकतो. मावशीची नाटकं पुन्हा सुरू झाली, हिवाळाभर ती वडशाला असते. उन्हाळ्यात चंद्रपूर भाजून निघतं, म्हणून मी दुकानात एसी बसवला आहे. गिऱ्हाइकं सांगतात, बाई, दार लावा, थंडावा बाहेर चालला. मी दार उघडंच ठेवते. समोर काउंटरवर तो बसलेला असतो, आणि त्याला मी दिसायला हवी.